कोऱ्या कागदावरचे अंगठे

१३ एप्रिल १९५८, रविवार

आज आमचे मंडळ स्थापन झाले आणि मी त्याचा अध्यक्ष झालो. मोहाच्या झाडाखाली सभा भरली. मला बसायला तेलाचा रिकामा डबा उपडा घातला होता. लाकडाच्या डेपोत मुंशी असताना माझ्या हाताखाली चाळीस मजूर होते, तेव्हा माणसे सांभाळणे मला नवे नाही. मुखरूने नाव सुचवले. म्हणाला, "मुंशीजी लिहू-वाचू शकते, साहेबासमोर त्याईची बोबडी वळत नाई. आपुन बोललो तर साहेब हासते." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मंडळ कशासाठी, हे लिहून ठेवतो. या दीनाश्रयात आम्ही तेवीस जण आहोत. कोणी आंधळे, कोणी पांगळे, कोणी मुके. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण, एक फाटक आणि त्याला कुलूप. व्यवस्थापक केवळरामजींची चिठ्ठी असल्याशिवाय कोणी बाहेर जात नाही, आणि चिठ्ठी मिळत नाही. सागाच्या ओंडक्याखाली माझा उजवा पाय गेला, भावाने बैलगाडीत घालून इथे आणून सोडले, त्याला दोन वर्षे झाली. या दोन वर्षांत मी तीनदा फाटकाबाहेर गेलो. दोनदा दवाखान्यात आणि एकदा एका प्रेतामागे.

फाटकावरून बेलटोल्याचा तलाव दिसतो. दर वैशाखात पाणी आटले की तलाव सुटतो, म्हणजे एका दिवशी सारे गाव मिळून मासे धरते. ज्याचा हात जाळ्याच्या दोरीला लागला त्याला हिस्सा, मग तो म्हातारा असो की बाई. आम्हाला फाटकाशी एक टोपली येते. तिला गाव धर्माचा हिस्सा म्हणते. मागणी सोमारीची आहे, की यंदा आम्हीही दोरीला हात लावू.

सोमारी जन्माची ढिवरीण, मासेमारांच्या घरची, देवीच्या साथीत डोळे गेले. मी विचारले, बाई, तुम्हाला दिसत नाही, पाण्यात काय करणार? तर म्हणाली, "भाऊ, गढूळ पान्यात डोळेवाले बी चाचपूनच मासा धरते. मले काऊन घरी बसवता?"

बाई बोलायला फटकळ आहे. तिला आवरावे लागेल.

१५ एप्रिल, मंगळवार

अर्जासाठी अंगठे घेतले. डेपोतली माझी पद्धत अशी, की माणसे जमली असतील तेव्हाच कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन ठेवायचे आणि मजकूर मागाहून सवडीने लिहायचा. नाही तर एक येतो तेव्हा दुसरा नसतो आणि काम लांबते. बारा वर्षांत एकाही मजुराने तक्रार केली नाही.

एकवीस अंगठे झाले. बाविसावा पोचू. तो सिरोंच्याकडचा सुतार, जन्माचा बहिरा-मुका. आमचे फाटकही त्यानेच घडवले आहे. मी शाईची दौत पुढे केली तर त्याने कागद उचलला, उलटा केला, सुलटा केला, दोन्ही बाजू मला दाखवल्या आणि मूठ घट्ट मिटून घेतली. मी खुणांनी पुष्कळ समजावले. बिचाऱ्याला अर्ज म्हणजे काय हेच कळत नाही, त्याला काय बोल लावायचा. त्याच्यावाचून एकवीस पुरेत. तेविसावा मी, माझी सही.

१९ एप्रिल, शनिवार

केवळरामजींनी कचेरीत बोलावले. बसायला खुर्ची दिली आणि कपबशीतून चहा. दोन वर्षांनी मी पाठ टेकून बसलो. पाठ कशी टेकतात हेच विसरायला झाले होते.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मुंशीजी, तुम्ही समजदार आहात म्हणून बोलतो. पुढच्या महिनाअखेरीस, म्हणजे मेच्या शेवटी, चांद्याहून तपासनीस येणार. त्याच्या आधी तुमचं एक माणूस तलावात बुडालं तर हा आश्रम बंद. मग तेवीस जण कुठं जातील, ते तुम्ही सांगा."

पुढे त्यांनी कळवले, की मनसाराम पाटलांशी बोलणे झाले आहे. गावातल्या काही लोकांना आमची माणसे पाण्यात उतरलेली चालणार नाहीत, अपशकुन मानतात. त्याबदल्यात पाटील एकाऐवजी दोन टोपल्या धाडायला तयार आहेत. फक्त आमच्याकडून तसे लेखी पाहिजे.

मी म्हटले, मंडळाला विचारतो. ते हसले. "अध्यक्ष कोण आहे? अंगठे तर तुमच्यापाशीच आहेत."

निघताना सहज बोलल्यासारखे म्हणाले, की आश्रमाला एक कारकून मंजूर होणार आहे. पगारी. फाटकाबाहेर खोली.

२० एप्रिल, रविवार

लिहिले. 'आम्ही खाली अंगठे करणार, स्वखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो की, तलाव सुटण्याच्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर जाणार नाही, हिश्श्यावर हक्क सांगणार नाही, गाव धर्मार्थ जे देईल ते घेऊ.' अक्षर सुरेख आले.

नीट विचार केला तर यात सर्वांचेच भले आहे. कोणी भिजणार नाही, कोणी बुडणार नाही, आणि मासे दुप्पट. डेपोत इतका चांगला सौदा मला कधी जमला नव्हता. मंडळाला एवढ्यात सांगत नाही, टोपल्या समोर आल्या की आपोआप कळेल.

भागीरथेला पत्र टाकले. ती मूल गावी माहेरी आहे. पाय गेल्यावर सासरे म्हणाले होते, नोकरी लागली की धाडतो, तोवर माझी पोर आश्रमाच्या तुकड्यावर राहणार नाही. त्यांना कारकुनीचे कळवले. अजून मंजूर व्हायची आहे, हे लिहायचे राहिले.

२७ एप्रिल, रविवार

मोठी गोष्ट झाली. फाटकाची किल्ली माझ्याकडे आली. केवळरामजी म्हणाले, तुमचे मंडळ आहे, तुम्ही अध्यक्ष आहात, तर किल्लीही तुमच्याच हाती असू द्या. मी ती करगोट्याला बांधली आहे. निजायला कचेरीशेजारची खोली मिळाली, त्यामुळे बराकीतल्या घोरण्यातून सुटका झाली.

आनंदाने सभेत सांगितले. मुखरू आपल्या चाकांच्या फळीवर बसून विडी ओढत होता. त्याचे दोन्ही पाय लहानपणीच वाळले, पण जीभ शाबूत आहे. म्हणाला, "बरं झालं. आता फाटक उघडा मंग. जरा रस्ता पाहून येतो."

मी समजावले, की असे हवे तेव्हा उघडून चालत नाही, जबाबदारी असते.

"साहेब बी हेच म्हनत होता," तो म्हणाला आणि फळी वळवून निघून गेला.

चार माणसे सोबत घेऊन चालायचे म्हणजे असले टोमणे खावेच लागतात.

५ मे, सोमवार

सोमारी खोलीच्या दाराशी आली. भिंत चाचपत नाही ती, पावले मोजून येते. म्हणाली, "भाऊ, आमच्या अंगठ्याच्या कागदावर काय लिवलं, ते एकडाव वाचून दाखवता का?"

मी म्हटले, कागद साहेबांकडे आहे, कायद्याची भाषा आहे, बाई, तुम्हाला कंटाळा येईल.

"मले कंटाळा येत नाई. मले दुसरं काम काय हाये?"

मी म्हटले, सवडीने पाहू. ती तिथेच उभी राहिली. आंधळ्या माणसाने असे तोंडाकडे तोंड करून उभे राहिले की अवघडल्यासारखे होते. मग म्हणाली, "दवंडी झाली. शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी तलाव सुटते." आणि मोजत मोजत गेली.

सध्या ही मंडळी अंगणात अंबाडीचा लांब दोर वळत आहेत आणि त्याला हाताहातावर गाठी मारत आहेत. संध्याकाळी तो दोर धरून एकामागे एक आंब्यापासून विहिरीपर्यंत चालतात. पुढे पोचू, मध्ये मुखरूची फळी, कोणी अडखळले की मुखरू ओरडतो आणि सारे थांबतात. हसतातही. मला वाटते, वेळ घालवायला खेळ काढला आहे. चांगले आहे, अंगाला व्यायाम होतो.

११ मे, रविवार

उष्म्याने जीव नको झाला. खोलीला एकच खिडकी, तीही कचेरीकडे उघडते. बराकीत निदान बोलणे कानावर पडायचे. इकडे जेवणसुद्धा माझे मी आणतो, कारण मी गेलो की त्यांचे बोलणे थांबते. मी अध्यक्ष, आणि मला कोणी काही विचारत नाही. किल्ली निजताना कमरेला टोचते.

पोचू मात्र कामाचा माणूस. आठवडाभर रोज फाटकाच्या चुलीत एरंडेल घालतो. फाटक बिजागरीवर नाही, खालच्या दगडातल्या खळग्यात त्याचे लाकडी टोक फिरते, तीच चूल. करकर अगदी थांबली आहे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या कमरेकडे पाहिले, आणि पुन्हा तेल घालू लागला.

तपासनिसांना दाखवण्याजोगे फाटक झाले आहे.

१६ मे, शुक्रवार

आज जे झाले ते क्रमाने लिहितो, म्हणजे डोके ठिकाणावर येईल.

सकाळी उजाडताना उठलो तर आश्रमात चिटपाखरू नाही. कुबडी घेऊन फाटकाशी गेलो. कुलूप लागलेले, कडीकोयंडा जसाच्या तसा. पण सबंध फाटक दुसऱ्या अंगाने चुलीतून वर उचलून काढले होते आणि कुंपणाला अलगद टेकवून ठेवले होते. कुलूप एका खांबाला फाटकाचे टोक धरून होते, आणि बाकी बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी.

मी एकटा आत. करगोट्याला किल्ली.

मी बाहेर का गेलो नाही, हे स्वतःला दिवसभर विचारतो आहे. वाट मोकळी होती, कुबडी हातात होती, तलाव समोर दिसत होता. पण मी तिथेच दगडावर बसलो. कोणी विचारले असते, कोणाच्या परवानगीने आलात, तर काय सांगणार होतो? लिहून तर मीच दिले होते.

बसल्या जागेवरून सारे दिसले. दोराला धरून ती रांग बांधावर चढली, पुढे पोचू. पाण्याच्या कडेला पोचू बाजूला झाला आणि सोमारी पुढे आली. तिने पायाने तळ चाचपला, हात वर केला, आणि ज्यांना उतरता येत होते ते तिच्यामागून कमरेइतक्या पाण्यात उतरले. मुखरू काठावरून हाका देत होता. गावाच्या जाळ्याची दोरी त्यांनी धरली, काठावर राहिलेल्यांनी तिचे टोक. जाळे तीनदा ओढले गेले आणि तिन्ही वेळा त्यांचे हात दोरीला होते. मी मोजले.

दुपारी परतले ते ओलेचिंब, चिखलाने माखलेले, आणि हातात एकही मासा नाही.

मुखरूने सांगितले. हिस्से पडू लागले तसा तो फळीवरून पुढे झाला आणि म्हणाला, बावीस हिस्से आमचे. गावातले दोघे-तिघे हो म्हणालेसुद्धा, म्हणाले, याईचा हात आमी पाह्यला. तेव्हा मनसाराम पाटलांनी साहेबांकडून मागवलेला तो कागदच खिशातून काढला आणि वाचून दाखवला.

"अंगठे आमचेच होते, मुंशीजी," मुखरू म्हणाला. आज त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "माह्या अंगठ्याचा चिरा मी वळखतो. आमी काय म्हनावं तिथी? आमाले वाटलं, तुमी आमचं मांगणं लिवलं."

मी म्हटले, मी तुमच्या भल्यासाठीच केले. कोणी ऐकायला थांबले नाही.

संध्याकाळी गावाकडून दोन टोपल्या आल्या. मरळ, झिंगे, भरगच्च. सोमारीने दोन्ही उचलायला लावल्या, माझ्या खोलीच्या दारात ठेवल्या आणि म्हणाली, "हा धरमाचा हिस्सा. कागद तुमचा, मंग हिस्सा बी तुमचा."

१७ मे, शनिवार

तेवीस माणसांचे मासे आणि मी एकटा. चार तुकडे शिजवले, ते तसेच टाकले. वैशाखाचे ऊन, दुपारपर्यंत वास सुटला. टोपल्या ओढत कुंपणापर्यंत नेल्या, एका पायाने खड्डा खणायला संध्याकाळ झाली. अंगणात सारे बसले होते. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

केवळरामजींनी फाटक पुन्हा बसवून घेतले. माझ्यावर रागावले नाहीत, उलट म्हणाले, बघा, तुमच्या कागदानेच वाचवले. ते मला आपल्यातला समजतात, याची आज प्रथमच लाज वाटली.

२२ मे, गुरुवार

सासऱ्यांचे पत्र आले. नोकरीचे वाचून आनंद झाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात भागीरथेला मोटारीने पोंभुर्ण्यापर्यंत आणून सोडतो, उतरवून घ्यायला यावे. खाली तिने कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून घेतल्या आहेत. 'खोलीला चूल कोणत्या बाजूला आहे ते कळवावे.'

पाच वेळा वाचले. चूल उजव्या हाताला आहे. कारकुनाची खोली मी पाहून ठेवली आहे, फाटकाबाहेर वीस पावलांवर. फक्त तपासनीस येऊन गेला की झाले. तोवर मी काही बोललो नाही म्हणजे झाले.

२८ मे, बुधवार

तपासनीस आले. स्थूल, घामाघूम, मानेला ओला रुमाल. केवळरामजींनी सारे दाखवले आणि शेवटी तो कागद पुढे ठेवला. म्हणाले, "इथली माणसं समाधानी आहेत. त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे. तरी काही जणांनी बेशिस्त केली, त्यांना काढून टाकावं लागेल." नावे वाचली. सोमारी, मुखरू, पोचू. तिघांनाही बाहेर घर नाही.

तपासनिसांनी विचारले, "हे अंगठे तुमचे?"

"अंगठे आमचे, साहेब," सोमारी म्हणाली. "बोलणं आमचं नाई."

"असं कसं? मजकूर वाचून दाखवला असेल ना?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण खाली सही माझी होती.

उजव्या हाताची चूल डोळ्यांपुढे आली, हे खोटे कशाला सांगू. केवळरामजी माझ्याकडे पाहून मान हलवत होते, हळूच, हो म्हणा अशी. आणि कोपऱ्यात पोचू उभा होता. त्याला ऐकू येत नाही, पण कागद टेबलावर दिसत होता. त्याने दोन्ही तळवे पुढे केले, एकदा उलटे, एकदा सुलटे. त्या दिवशी त्याने कागद मला असाच दाखवला होता. मला वाटले होते, त्याला कळले नाही.

"कोरा होता साहेब," मी म्हणालो. "मी कोऱ्या कागदावर अंगठे घेतले. मजकूर नंतर माझ्या मनाने लिहिला. यांची मागणी उलटी होती."

पंखा ओढणारा थांबला. तपासनिसांनी वहीत काही टिपले, कागद आपल्या दप्तरात घातला आणि म्हणाले, वर कळवतो, तोवर कोणाला काढू नका. केवळरामजींनी सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात केला. मी करगोट्याची गाठ सोडायला लागलो, ती घामाने आवळली होती, लवकर सुटेना.

१ जून, रविवार

पुन्हा बराकीत आहे, मुखरू आणि भिंत यांच्या मध्ये. लोहाराने फाटकाच्या चुलीवर लोखंडी पट्टी ठोकली आहे, ते आता उचलत नाही. किल्ली साहेबांकडे. चांद्याहून काही कळलेले नाही, कदाचित कळणारही नाही. भागीरथेला लिहिले, येऊ नकोस. कारण लिहिताना दोन कागद फाडले, तिसऱ्यावर खरे लिहिले.

सायंकाळी मोहाखाली सभा झाली. मला बोलावले, पण तेलाचा डबा ठेवला नव्हता. मी जमिनीवर बसलो. अध्यक्ष कोण, मी विचारले. मुखरू म्हणाला, "तसं काई नाई. रस्त्यानं पोचू म्होरं, पान्यात सोमारी, भांडाले मी. कागदाले तुमी. पन सांगू आमी."

चांद्याला अर्ज करायचा आहे, फाटक दिवसा उघडे ठेवा आणि तलावाचा हिस्सा द्या. मी 'विनंती विशेष, सेवेशी सविनय' असे सुरू केले तर सोमारीने थांबवले. "आमी असं बोललो का? आमी बोललो तेच लिवा." ते बोलले तसे लिहिले. अक्षर कसेही आले. तीनदा वाचून दाखवले. मुखरूने पोचूला खुणांनी सांगितले, कुलूप, फाटक, दोर, पाणी. पोचूने कागद उचलून दोन्ही बाजू पाहिल्या.

मग अंगठे झाले. शेवटी मी सहीसाठी टाक उचलला तर पोचूने तो माझ्या हातातून काढून घेतला. माझा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि सगळ्यांच्या खाली दाबला. सुताराचा हात, हलता येईना. त्यानंतर त्याने आपली मूठ उघडली आणि माझ्या शेजारी आपला अंगठा लावला.

शाई घासून निघाली नाही. या पानाच्या कडेला लागली आहे.